कोविड-१९ साथकाळातील टपाली मतपत्रिकांच्या मुदतीविषयीचे अमेरिकेतील खटले

कोविड-१९ साथकाळातील टपाली मतपत्रिकांच्या मुदतीविषयीचे खटले ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२० साली झालेल्या न्यायालयीन वादांची मालिका होय. टपालाने पाठवलेली मतपत्रिका निवडणूक कार्यालयात कोणत्या दिवसापर्यंत पोचल्यास ती मोजली जावी, हा या खटल्यांतील मूळ प्रश्न होता. साथीमुळे कोट्यवधी मतदारांनी मतदान केंद्रावर जाण्याऐवजी टपाली मतदानाचा मार्ग निवडला. त्याच काळात टपाल वितरण मंदावले. मतपत्रिका वेळेत टाकूनही ती उशिरा पोचल्यामुळे मत बाद होईल, या भीतीने अनेक राज्यांत मुदतवाढीची मागणी झाली. विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतील वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथील निर्णय वरवर पाहता परस्परविसंगत वाटतात. मात्र मुदत कोणत्या संस्थेने वाढवली होती, याकडे लक्ष दिल्यास त्यांतील सूत्र बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत राष्ट्रीय निवडणुका घेणारी एकच मध्यवर्ती यंत्रणा नाही. प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानुसार निवडणूक घेते आणि प्रत्यक्ष काम काउंटी किंवा नगर पातळीवरील अधिकारी करतात. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसच्या निवडणुकीचा दिवस मात्र संघीय कायद्याने ठरलेला आहे. नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या सोमवारनंतर येणारा मंगळवार हा तो दिवस असून २०२० मध्ये तो ३ नोव्हेंबर रोजी आला.

टपाली मतपत्रिकांच्या मुदतीबाबत राज्यांमध्ये दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत मतपत्रिका मतदानाच्या दिवशी ठरावीक वेळेपर्यंत कार्यालयात पोचणे आवश्यक असते. विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियात ही वेळ रात्री आठची, तर इंडियानात दुपारी बाराची होती. दुसऱ्या पद्धतीत मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपाल शिक्का असलेली मतपत्रिका त्यानंतर काही दिवसांनी पोचली तरी ग्राह्य धरली जाते. पहिल्या पद्धतीत टपालाच्या विलंबाचा धोका मतदाराला पत्करावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत तो धोका कमी होतो, पण मोजणी लांबते आणि शिक्का अस्पष्ट असल्यास नवा वाद उभा राहतो.

साथीपूर्वी या फरकाकडे सामान्य मतदारांचे फारसे लक्ष गेले नव्हते. २०२० च्या निवडणुकीत मात्र अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहणीनुसार सुमारे ४३ टक्के मतदारांनी टपालाने मतदान केले. २०१६ मध्ये हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. जुलै २०२० मध्ये अमेरिकी टपाल सेवेने बहुतेक राज्यांना पत्रे पाठवून इशारा दिला, की काही राज्यांच्या कायद्यांतील तारखा टपाल वितरणास लागणाऱ्या प्रत्यक्ष वेळेशी जुळत नाहीत. मतपत्रिका मागवण्याची शेवटची तारीख आणि ती परत पोचण्याची शेवटची वेळ यांत काही राज्यांत एका आठवड्याचेच अंतर होते. कोरी मतपत्रिका मतदाराकडे जाण्यास आणि भरलेली मतपत्रिका परत येण्यास लागणारे दिवस धरता हे अंतर अपुरे ठरण्याची शक्यता होती.

कायदेशीर प्रश्न

मुदतवाढ मागणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद मतदानाच्या हक्कावर आधारलेला होता. साथीच्या असाधारण परिस्थितीत जुनी मुदत तशीच लागू केल्यास, स्वतःची कोणतीही चूक नसलेल्या मतदारांचे मत वाया जाईल आणि त्यामुळे संघीय किंवा राज्य संविधानाचा भंग होईल, असे त्यांचे म्हणणे होते. डेमोक्रॅटिक पक्ष आणि मतदारहक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना बहुधा या बाजूने होत्या.

विरोधी बाजू प्रामुख्याने रिपब्लिकन पक्षाने आणि त्या पक्षाचे बहुमत असलेल्या राज्य विधिमंडळांनी मांडली. तिचे तीन आधार होते. पहिला आधार २००६ च्या ‘पर्सेल वि. गोन्झालेझ’ या निकालातून आलेल्या तत्त्वाचा होता. मतदान जवळ आले असताना संघीय न्यायालयांनी निवडणुकीचे नियम बदलू नयेत, असे हे तत्त्व सांगते. दुसरा आधार अमेरिकी संविधानातील शब्दरचनेचा होता. काँग्रेसच्या निवडणुकीची वेळ, स्थळ व पद्धत ठरवण्याचा आणि राष्ट्राध्यक्ष-निर्वाचकांच्या नियुक्तीची रीत ठरवण्याचा अधिकार संविधान राज्यांच्या ‘विधिमंडळा’कडे सोपवते, म्हणून राज्य न्यायालये किंवा निवडणूक मंडळे ते नियम बदलू शकत नाहीत, असा अर्थ त्यातून काढण्यात आला. हा विचार ‘स्वतंत्र राज्य विधिमंडळ सिद्धांत’ या नावाने ओळखला जातो. तिसरा आधार संघीय कायद्याने ठरवलेल्या एकाच निवडणूक दिनाचा होता. त्या दिवसानंतर आलेली मते स्वीकारणे म्हणजे तो दिवसच पुढे ढकलणे होय, असे सांगण्यात आले.

विस्कॉन्सिन : एप्रिलमधील निवडणूक

विस्कॉन्सिनमध्ये ७ एप्रिल २०२० रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची प्राथमिक निवडणूक आणि राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेची निवडणूक होती. साथीची पहिली लाट सुरू असूनही ती पुढे ढकलण्यावर राज्यात एकमत झाले नाही. टपाली मतपत्रिकांची मागणी इतकी वाढली, की अनेक मतदारांना मतदानाचा दिवस जवळ येऊनही मतपत्रिका मिळाल्या नव्हत्या.

२ एप्रिल रोजी संघीय जिल्हा न्यायाधीश विल्यम कॉन्ली यांनी मतपत्रिका पोचण्याची मुदत १३ एप्रिलपर्यंत वाढवली. त्यांच्या आदेशात मतदानाच्या दिवसापर्यंतच्या टपाल शिक्क्याची अट नव्हती. ६ एप्रिल रोजी, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी, दोन घटना घडल्या. राज्यपाल टोनी एव्हर्स यांनी प्रत्यक्ष मतदान पुढे ढकलण्याचा आदेश काढला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी रोखला. संध्याकाळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रिपब्लिकन नॅशनल कमिटी वि. डेमोक्रॅटिक नॅशनल कमिटी’ या प्रकरणात ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला. मतपत्रिका १३ एप्रिलपर्यंत पोचली तरी चालेल, पण तिच्यावर ७ एप्रिल किंवा त्यापूर्वीचा टपाल शिक्का हवा, असे न्यायालयाने ठरवले. जिल्हा न्यायाधीशांनी ऐन निवडणुकीच्या तोंडावर मतदानाची तारीखच व्यवहारात पुढे नेली, अशी बहुमताची भूमिका होती.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी असहमतीचे मत लिहिले; स्टीफन ब्रायर, सोनिया सोटोमायोर आणि एलेना केगन यांनी त्यास पाठिंबा दिला. मतपत्रिका वेळेवर मागवूनही ती हाती न पडलेल्या मतदाराला ती भरून ७ एप्रिलच्या शिक्क्यासह पाठवणे अशक्य आहे, त्यामुळे अशा मतदारापुढे आरोग्य धोक्यात घालणे किंवा मतदानाला मुकणे एवढेच पर्याय उरतात, असा त्यांच्या मताचा आशय होता.

दुसऱ्या दिवशी मिलवॉकी शहरात एरवीच्या सुमारे १८० मतदान केंद्रांऐवजी केवळ पाच केंद्रे उघडण्यात आली आणि तेथे लांब रांगा लागल्या. दुसरीकडे, न्यायालयाने कायम ठेवलेल्या सहा दिवसांच्या वाढीव मुदतीत पोचलेल्या सुमारे ७९,००० टपाली मतपत्रिका मोजणीत धरल्या गेल्या. मूळ कायदा जसाच्या तसा लागू झाला असता तर ही मते बाद ठरली असती. काही मतपत्रिकांवर शिक्का नव्हता किंवा तारीख वाचता येत नव्हती. त्यांचे काय करायचे हा प्रश्न स्थानिक अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. शिक्क्याची अट कागदावर सोपी दिसली तरी टपाल खात्याच्या कामकाजात ती नेहमी पाळली जात नाही, हे या निवडणुकीत दिसून आले.

विस्कॉन्सिन : नोव्हेंबरमधील निवडणूक

एप्रिलच्या अनुभवाच्या आधारे न्यायाधीश कॉन्ली यांनी २१ सप्टेंबर रोजी नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी नवा आदेश दिला. ३ नोव्हेंबरपर्यंतचा शिक्का असलेली मतपत्रिका ९ नोव्हेंबरपर्यंत पोचल्यास ती मोजावी, असे त्यात म्हटले होते. सातव्या सर्किट अपील न्यायालयाने ८ ऑक्टोबरला या आदेशास स्थगिती दिली. ही स्थगिती उठवण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर रोजी ५ विरुद्ध ३ मतांनी फेटाळली. हे प्रकरण ‘डेमोक्रॅटिक नॅशनल कमिटी वि. विस्कॉन्सिन राज्य विधिमंडळ’ या नावाने ओळखले जाते.

बहुमतातील न्यायमूर्तींनी आपापली कारणे स्वतंत्रपणे मांडली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी संघीय न्यायालयाने राज्याच्या निवडणूक कायद्यात केलेला हस्तक्षेप हे कारण दिले. नील गोर्सच यांनी नियम करणे हे न्यायाधीशांचे नव्हे, तर विधिमंडळाचे काम असल्याचे लिहिले. ब्रेट कॅव्हनॉ यांनी मतदानाच्या दिवसाची मुदत निकालाविषयीचा संशय आणि गोंधळ टाळण्यास मदत करते, असे प्रतिपादन केले. केगन यांनी असहमतीच्या मतात त्याला उत्तर दिले, की सर्व वैध मते मोजून होईपर्यंत निकालच अस्तित्वात नसतो. म्हणून उशिरा पोचलेल्या वैध मतांनी तो ‘उलटतो’ असे म्हणता येत नाही.

कॅव्हनॉ यांच्या मतातील एका विधानावरून वेगळा वाद झाला. साथ असूनही निवडणुकीचे नेहमीचे नियम न बदललेल्या राज्यांचे उदाहरण म्हणून त्यांनी व्हरमाँटचा उल्लेख केला होता. व्हरमाँटने मुदत बदलली नसली, तरी सर्व नोंदणीकृत मतदारांना टपाली मतपत्रिका पाठवण्यासारखे मोठे बदल केले होते. तेथील राज्य सचिवांनी ही बाब न्यायालयाला कळवल्यावर दोनच दिवसांत विधान दुरुस्त करून ते केवळ मुदतीच्या नियमांपुरते मर्यादित करण्यात आले.

नोव्हेंबरमध्ये विस्कॉन्सिनमधील निकालाचे अंतर सुमारे २०,७०० मतांचे होते.

पेनसिल्व्हेनिया

पेनसिल्व्हेनियाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘अधिनियम ७७’ या कायद्याने प्रथमच कोणतेही कारण न देता टपालाने मतदान करण्याची मुभा दिली होती. दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने झालेल्या या कायद्यात मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत पोचण्याची अट होती. कायद्याची अंमलबजावणी सुरू होते न होते तोच साथ आली. टपाल सेवेने २९ जुलै २०२० च्या पत्रात या राज्याला त्याच्या तारखांबाबत स्पष्ट इशारा दिला.

१७ सप्टेंबर रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पेनसिल्व्हेनिया डेमोक्रॅटिक पार्टी वि. बुकव्हार’ या खटल्यात मुदत तीन दिवसांनी वाढवून ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत केली. ३ नोव्हेंबरनंतर पाठवल्याचा पुरावा असल्याशिवाय, शिक्का नसलेली किंवा अस्पष्ट शिक्क्याची मतपत्रिकाही वेळेत पाठवली असे गृहीत धरावे, असे न्यायालयाने सांगितले. या निर्णयाचा आधार संघीय संविधानात नव्हे, तर राज्य संविधानातील ‘मुक्त व समान निवडणुकां’च्या कलमात होता.

रिपब्लिकन पक्षाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडे स्थगिती मागितली. १८ सप्टेंबरला गिन्सबर्ग यांचे निधन झाल्यामुळे न्यायालयात आठच न्यायमूर्ती होते. १९ ऑक्टोबर रोजी मते ४ विरुद्ध ४ अशी विभागली गेली आणि स्थगिती नाकारली गेली. थॉमस, अलिटो, गोर्सच आणि कॅव्हनॉ स्थगितीच्या बाजूने होते. रॉबर्ट्स यांचे मत निर्णायक ठरले. पुढच्या आठवड्यात विस्कॉन्सिनच्या प्रकरणात मात्र ते मुदतवाढीच्या विरोधात गेले. हा फरक त्यांनी थोडक्यात सांगितला : पेनसिल्व्हेनियात राज्य न्यायालयाने राज्याचे संविधान लागू केले होते, तर विस्कॉन्सिनमध्ये संघीय न्यायालयाने राज्याच्या कायद्यात बदल केला होता.

२८ ऑक्टोबरला प्रकरण तातडीने ऐकण्याची विनंतीही नाकारण्यात आली. नव्याने शपथ घेतलेल्या एमी कोनी बॅरेट यांनी त्या निर्णयात भाग घेतला नाही. मतदानानंतर मुदत रद्द ठरल्यास उशिरा आलेल्या मतपत्रिका ओळखता याव्यात म्हणून राज्य सचिव कॅथी बुकव्हार यांनी त्या वेगळ्या ठेवण्याची सूचना काउंट्यांना दिली होती. ६ नोव्हेंबर रोजी न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी तसाच आदेश काढला. या वाढीव काळात सुमारे १०,००० मतपत्रिका पोचल्या. राज्यात जो बायडन यांचे मताधिक्य सुमारे ८०,५०० होते. त्यामुळे या मतपत्रिका मोजल्या किंवा वगळल्या तरी राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल बदलणार नव्हता.

नॉर्थ कॅरोलिना

नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यातच मतदानाच्या दिवसानंतर तीन दिवसांची सवलत होती. राज्याच्या निवडणूक मंडळाने एका दाव्यात तडजोड करून ती नऊ दिवसांची केली, म्हणजे १२ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. शिक्का मात्र ३ नोव्हेंबरपर्यंतचाच हवा होता. ऑक्टोबरच्या आरंभी राज्याच्या न्यायालयाने या तडजोडीस मान्यता दिली. विधिमंडळाच्या नेत्यांनी तिला आव्हान दिले. साथ लक्षात घेऊन विधिमंडळाने जून महिन्यात टपाली मतदानासाठी साक्षीदारांची संख्या दोनवरून एक केली होती, पण मुदतीला हात लावला नव्हता. म्हणून मंडळाने कायदा बदलण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, अशी त्यांची तक्रार होती.

चौथ्या सर्किट अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २० ऑक्टोबर रोजी १२ विरुद्ध ३ मतांनी मुदतवाढ रोखण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही २८ ऑक्टोबर रोजी हस्तक्षेप केला नाही. थॉमस, अलिटो आणि गोर्सच यांनी त्यास असहमती दर्शवली.

इतर राज्ये

जॉर्जिया आणि इंडियाना या राज्यांत संघीय जिल्हा न्यायालयांनी दिलेली मुदतवाढ अनुक्रमे अकराव्या आणि सातव्या सर्किट अपील न्यायालयांनी ऑक्टोबर महिन्यात स्थगित केली. मिशिगनमध्ये राज्याच्या एका न्यायाधीशांनी चौदा दिवसांची सवलत दिली होती. ती राज्याच्याच अपील न्यायालयाने १६ ऑक्टोबर रोजी रद्द केली.

मिनेसोटात राज्य सचिवांनी न्यायालयीन तडजोडीने सात दिवसांची मुदतवाढ मान्य केली होती. मतदानाला पाच दिवस उरले असताना, २९ ऑक्टोबर रोजी, आठव्या सर्किट अपील न्यायालयाने उशिरा येणाऱ्या मतपत्रिका वेगळ्या ठेवण्याचा आदेश दिला आणि ही मुदतवाढ पुढे टिकण्याची शक्यता कमी असल्याचे सूचित केले. तोपर्यंत मतदारांना छापील सूचनांत वाढीव मुदतच सांगण्यात आली होती. राज्य सचिवांना ऐनवेळी आवाहन करावे लागले, की मतपत्रिका आता टपालात टाकू नका, ती स्वतः नेऊन द्या.

ज्या राज्यांत विधिमंडळांनीच कायदा बदलला, तेथे मुदतवाढ तुलनेने सुरक्षित राहिली. कॅलिफोर्नियाने ती १७ दिवसांपर्यंत नेली, तर मॅसॅच्युसेट्सने तीन दिवसांची सवलत दिली. नेवाडातील टपाली मतदानाच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने केलेला दावा, दाद मागण्याचा अधिकार सिद्ध न झाल्यामुळे सप्टेंबरमध्ये फेटाळला गेला.

निकालांतील सूत्र

या प्रकरणांचा एकत्रित विचार करता साथीची तीव्रता किंवा टपालातील विलंब यांपेक्षा मुदत बदलणारी संस्था कोणती, हा घटक अधिक परिणामकारक ठरल्याचे दिसते. संघीय जिल्हा न्यायालयांनी नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी दिलेली मुदतवाढ विस्कॉन्सिन, जॉर्जिया आणि इंडियाना या तिन्ही राज्यांत टिकली नाही. राज्य न्यायालयाने किंवा राज्य निवडणूक मंडळाने दिलेली मुदतवाढ पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात मतदानापूर्वी कायम राहिली. मिनेसोटा हा त्याला अपवाद होता. विधिमंडळाने केलेला बदल सर्वांत भक्कम ठरला.

मतदाराच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला, की एकाच दिवशी, एकाच टपाल सेवेमार्फत पाठवलेली मतपत्रिका एका राज्यात वैध आणि शेजारच्या राज्यात बाद ठरू शकत होती. काही राज्यांत तर नियम महिन्याभरात दोनदा बदलला. अनेक निवडणूक अधिकाऱ्यांनी लवकर टपाल पाठवण्याचे किंवा मतपेटीत प्रत्यक्ष मतपत्रिका टाकण्याचे आवाहन सातत्याने केल्यामुळे उशिरा पोचलेल्या मतपत्रिकांची संख्या भीती होती त्यापेक्षा कमी राहिली.

नंतरच्या घडामोडी

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेनसिल्व्हेनियाचे प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला. थॉमस, अलिटो आणि गोर्सच यांनी असहमती नोंदवली. निकालावर परिणाम होत नसताना हा प्रश्न सोडवणे अधिक सोयीचे होते आणि तो अनिर्णित ठेवल्यास पुढच्या निवडणुकीत तोच गोंधळ होईल, असा थॉमस यांचा युक्तिवाद होता.

स्वतंत्र राज्य विधिमंडळ सिद्धांताचा प्रश्न २०२३ मध्ये ‘मूर वि. हार्पर’ या खटल्यात निकाली निघाला. नॉर्थ कॅरोलिनातील मतदारसंघ आखणीविषयीच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले, की संघीय निवडणुकांचे नियम करताना राज्य विधिमंडळे राज्य संविधानाच्या आणि राज्य न्यायालयांच्या नियंत्रणातून मुक्त नसतात. मात्र राज्य न्यायालयांनीही न्यायदानाची सर्वसाधारण मर्यादा ओलांडू नये, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून तीन दिवसांची जुनी सवलत रद्द केली.

संघीय निवडणूक दिनाचा युक्तिवाद मात्र पुढे चालू राहिला. मिसिसिपीने साथीच्या काळात, २०२० मध्ये, मतदानानंतर पाच कामकाजाच्या दिवसांपर्यंत पोचलेल्या मतपत्रिका स्वीकारण्याचा कायदा केला होता. हा कायदा संघीय निवडणूक दिनाशी विसंगत असल्याचा निर्णय पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. त्यावरील ‘वॉटसन वि. रिपब्लिकन नॅशनल कमिटी’ हे अपील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी स्वीकारले. २०२० मध्ये मुदत कोणी वाढवावी हा वादाचा केंद्रबिंदू होता. या खटल्यात त्यापुढचा प्रश्न न्यायालयापुढे आला : मतदानाच्या दिवसानंतर पोचलेली मतपत्रिका स्वीकारण्याचा अधिकार खुद्द विधिमंडळाला तरी आहे काय?